आईच्या वाट्याचं हुमण

एकदा एक आचारी माशाच्या हुमणाचे भांडे फडक्यात बांधून आपल्या गुरूच्या दारी आला. भांडे पायरीवर ठेवले, नमस्कार केला आणि म्हणाला, "मामा, यातली चूक दाखवा."

गुरू ऐंशीच्या पुढचा. गोव्यातल्या मोठमोठ्या घरांच्या चुली त्याने सांभाळल्या होत्या. आता हात थकले म्हणून घरी बसला होता. बोलणे कमी. शिष्याचे चुकले तर तो ओरडत नसे. केलेले सगळे परसात ओतून यायचा आणि पुन्हा करायला सांगायचा. अशा माणसाच्या हाताखाली आठ वर्षे काढणे सोपे नव्हते. या शिष्याने ती काढली होती. गुणाजी त्याचे नाव. आता तो पणजीत एका व्यापाऱ्याच्या घरी मुख्य आचारी होता आणि तिथे येणारे पाहुणे त्याच्या बांगड्याच्या हुमणासाठी मुक्काम वाढवत.

म्हाताऱ्याने फडके सोडले. आत कुंडले, म्हणजे मातीचे पसरट भांडे, होते. त्याने रसात बोट बुडवून जिभेला लावले. मग सुनेकडून मूठभर भात मागवला, त्यावर हुमण घेतले आणि डोळे मिटून सावकाश खाल्ले.

"चूक नाही," तो म्हणाला.

"नीट बघा, मामा."

"डोळे अधू झालेत, जीभ शाबूत आहे. खोबरं ताजं आहे. वाटण गंधासारखं उतरलंय. तिरफळं ठेचून शेवटी घातलीस, म्हणून कडवट झालेलं नाही. बांगडा अख्खा आहे, म्हणजे आत पळी फिरवली नाहीस, भांडंच धरून हलवलंस. मी करायचो त्याच्यापेक्षा चांगलं झालंय."

हे शब्द ऐकायला गुणाजी आठ वर्षे थांबला होता. आज ऐकले आणि त्याचे तोंड उतरले.

"चूक असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "माझी आई हे खात नाही."

आणि मग त्याने सगळे सांगितले.

त्याची आई खाडीकाठच्या गावात राहत होती. बाप मिठागरात कामाला होता, तो जाऊन दहा वर्षे झाली होती. घरात आई आणि गुणाजीची बायको शेवंती, दोघीच. पावसाळा सरताना आईला ताप आला. चाळीस दिवस राहिला. मग ताप गेला, पण भूक परत आली नाही. वैद्याने नाडी पाहिली आणि शेवंतीला अंगणात बोलावून सांगितले, "माझं औषध संपलं. आता अन्न हेच औषध. पंधरा दिवसांत ती जेवायला लागली नाही, तर माझ्या हातात काही नाही."

निरोप मिळताच गुणाजी धन्याची रजा घेऊन घरी आला. मनात भीती होती. पण भीतीच्या जोडीला थोडा अभिमानही होता. ओल्या खोबऱ्याच्या वाटणातले हे माशांचे कालवण गोव्यात घरोघरी होते आणि प्रत्येक घरचे वेगळे असते. पणजीत ज्या हुमणावर त्याचे नाव झाले, ते त्याच्या आईचे हुमण होते. लहानपणापासून तो तेच खात आला होता आणि जिभेवरची ती चव आठवून आठवून त्याने ते हातात आणले होते. आईने मात्र त्याच्या हातचे कधी खाल्ले नव्हते. आता तिचेच हुमण आपण तिला करून घालू आणि ती पोटभर जेवेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

आईने तीन घास खाल्ले. "चांगलं झालंय रे पुता," म्हणाली आणि ताट सरकवले.

गुणाजीला वाटले, खोबऱ्यात काहीतरी आहे. बाजारचा नारळ सोडून त्याने परसातल्या माडाचा नारळ पाडला. तीन घास. मग आईचा जुना पाटा बाहेर काढला, त्याला टाकी लावून घेतली आणि वाटण हाताने वाटले. तीन घास. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो धक्क्यावर गेला आणि होडीतून उतरत असलेले बांगडे घेऊन आला. आईच्या माहेरच्या गावाहून तिरफळे मागवली. मिरची बदलली. एक दिवस चिंच सोडून आमसूल घालून पाहिले. त्या दिवशी दोनच घास.

शेवटी शेवंतीला राहवेना. ती सासूला मांय म्हणत असे.

"मांयना जेवू घालताय की त्यांच्याकडून स्वतःची परीक्षा पास करून घेताय?"

"तू गप्प बस. तुझ्या जिभेला काय कळतं!"

"माझ्या जिभेचं राहू दे. त्यांनी घास उचलला की तुम्ही असे डोळे लावून बसता, की त्यांच्या जागी मी असते तर मलाही गिळवला नसता."

गुणाजीने ते कानाआड केले. त्याचे लक्ष भांड्यात होते. आचाऱ्याला दोष भांड्यातच दिसतो. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी सकाळी त्याने हुमण केले आणि कुंडले मांडीवर घेऊन, बस आणि फेरीबोट करत, तो गुरूकडे आला.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आईला जेवताना तू कधी पाहिलंस?"

"रोज बघतोय, मामा. नऊ दिवस झाले."

"ते नव्हे. लहानपणी."

गुणाजी विचारात पडला. "आम्ही जेवल्यावर ती जेवायची."

"काय जेवायची?"

"आम्ही जेवायचो तेच."

"पाहिलंस?"

 म्हाताऱ्याने भिंतीशी चाचपून काठी घेतली. "चल. मला तुझ्या घरी ने. आणि ते कुंडलं घे बरोबर."

दुपारी दोघे घरी पोहोचले. शेवंतीने भात केला होता. हुमण ऊन केले आणि आईच्या खाटेपाशी पाटावर ताट मांडले. गुणाजी समोर बसला. शेवंती तांब्या घेऊन उशाशी उभी राहिली. चौकशीला आलेली शेजारीण उंबऱ्यावर टेकली. म्हातारा कोपऱ्यात बसला.

"हे कोण रे?" आईने विचारले.

"माझे गुरू, आये. ज्यांच्याकडे मी शिकलो ते."

"मग त्यांना आधी वाढ. मधला तुकडा दे, शेपटीकडचा नको."

"मी जेवलोय, बाय," म्हातारा म्हणाला. "तुम्ही बसा."

आईने घास उचलला. चौघे तिच्या तोंडाकडे पाहू लागले. पहिला घास. दुसरा. "कसं आहे?" गुणाजीने विचारले. "चांगलं आहे," आई म्हणाली. तिसरा घास तिने पाण्याबरोबर उतरवला आणि हात धुतला.

शेजारीण हळहळली. "काही नाही हो, देवाने बोलावलं की जिभेची चव आधी जाते."

"तुमच्या घरी चूल पेटलीय का?" म्हाताऱ्याने तिला विचारले. "पेटली असेल तर बघून या."

शेजारीण गेली. शेवंती ताट उचलून आत वळली. थोड्या वेळाने ती उरलेल्या हुमणाचे कुंडले घेऊन परसाकडे निघाली, तेव्हा म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

"कुठे निघालीस?"

"कुत्र्याला घालते, मामा."

"रोज घालतेस?"

"रोज. ह्यांचा हुकूम आहे. मोठ्या घरात राहून आलेत ना. कालचं आज ताटात यायचं नाही म्हणतात. त्यात घरात आजारी माणूस."

"आण इकडे," म्हातारा म्हणाला.

तो ते कुंडले घेऊन चुलीपाशी बसला. आत दोन बांगडे आणि बराच रस शिल्लक होता. दिवेलागणीला त्याने त्याला एक कढ आणला, वर झाकण ठेवले आणि कुंडले चुलीच्या कडेला ठेवून गुणाजीला म्हणाला, "याला हात लावायचा नाही. आणि उद्या तू काही रांधायचं नाही. मासळीही आणायची नाही."

"मग आई काय खाईल?"

"हेच."

"मामा, ते शिळं होईल."

म्हातारा चुलीपाशीच पथारी टाकून आडवा झाला.

गुणाजीच्या मनात आले, गुरूचे वय झाले. वैद्याने दिलेल्या पंधरांतले दहा दिवस संपले होते, आणि हा म्हातारा अकरावा फुकट घालवायला निघाला होता. तरी त्याने कुंडल्याला हात लावला नाही. गुरूचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

सकाळी म्हाताऱ्याने शेवंतीला उकड्या तांदळाची पेज करायला सांगितली. स्वतः चुलीतला जाळ मागे ओढला आणि नुसत्या निखाऱ्यांवर कुंडले ठेवले. हुमण हळूहळू आटू लागले. केशरी रस विटकरी झाला. कडेला तेल सुटले. खोबरे तळाशी धरू लागले, तसा त्याने दोन्ही हातांनी कुंडले धरून एकदा फिरवले आणि खाली उतरवले. रसाचा आता नुसता लगदा राहिला होता. त्याचा खमंग, तिखट वास माजघर ओलांडून खाटेपर्यंत गेला.

खाटेवरून आवाज आला, "कोण गो ते चुलीपाशी?"

म्हातारा खाटेजवळ गेला. "बाय, उठा. चुलीपाशी बसायचं."

शेवंतीने सासूला धरून आणले. म्हाताऱ्याने भिंतीला लागून पाट मांडला आणि तिला टेकवून बसवले. ताट घेतले नाही. एका वाडग्यात पेज दिली आणि ते कुंडलेच तिच्या पुढ्यात ठेवले. मग मागे वळून म्हणाला, "सगळे बाहेर."

"मामा, तिचा तोल गेला तर?"

"भिंत आहे. बाहेर हो."

सगळे बाहेर आले. म्हाताऱ्याने स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले आणि दाराला पाठ लावून मागच्या ओसरीवर बसला.

गुणाजीचा आता धीर सुटला. "आठ वर्षं तुमचा शब्द मोडला नाही मी," तो म्हणाला. "पण हे काय चालवलंय? माझी आई मरणाच्या दारात आहे. तिला कालचं आटवलेलं घातलंत. तेही भांड्यातून, जमिनीवर, एकटीला कोंडून! आमच्या दारी कोणी भिकारी आला तर त्यालाही आम्ही पानावर वाढतो."

"आवाज करू नकोस," म्हातारा म्हणाला. "ती जेवतेय."

आत शांत होते. मग वाडगा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळाने दुसरा एक आवाज आला, जो या घरात पन्नास दिवसांत कोणी ऐकला नव्हता. बांगड्याचा काटा चोखल्याचा.

गुणाजी उठला. म्हाताऱ्याने काठी पुढे केली. "बस."

तो बसला. काही वेळ ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"कळलं, मामा," तो म्हणाला. "ताजं आम्हाला वाढायची आणि स्वतः कालचं उरलेलं खायची. जन्मभर. तिच्या जिभेला ताजं हुमण ठाऊकच नाही. आमच्यासाठी तिने... आणि मला कधी दिसलं नाही." तो हुंदके देऊ लागला.

"रडू नकोस," म्हातारा म्हणाला. "अजून कळलेलं नाही तुला."

गुणाजीने मान वर केली.

"मी सात वर्षांचा होतो. शाळा चुकवून भर सकाळी घरी आलो. बाप शेतावर, भावंडं शाळेत. आई स्वयंपाकघरात एकटी बसली होती. पुढ्यात पेज आणि कालचं आटवलेलं हुमण. पाय लांब सोडलेले. डोक्यावरचा पदर खाली आलेला. बोटं चाटत होती. तिचा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मी म्हटलं, आये, मला दे. तिने पळी उगारून मला अंगणापर्यंत हाकललं. मला वाटलं, शाळा चुकवली म्हणून रागावली. पुढे चाळीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी हुमण रांधलं, तेव्हा खरं कारण कळलं."

आतून पेजेचा भुरका ऐकू आला. म्हाताऱ्याने दाराकडे कान दिला.

"पहिल्या दिवशी हुमणात खोबरं वेगळं लागतं, तिखट वेगळं, मासा वेगळा. एक रात्र गेली आणि निखाऱ्यावर आटलं की सगळं एकजीव होतं. ते खरं हुमण. आणि ते मिळतं कोणाला? नवरा मिठागरात, पोर शाळेत. रांधणारीलाच. तुला वाटतं तिने उरलेलं खाल्लं. अरे, तिने राखलेलं खाल्लं. आठव. तू आणखी मागितलंस की काय म्हणायची?"

गुणाजीने डोळे पुसले. त्याला आठवले. "म्हणायची, पुरे आता. संध्याकाळी जास्त हुमण पोटाला जड होतं."

"जड होतं!" म्हातारा म्हणाला. तो हसणारा माणूस नव्हता, पण त्याच्या मिशा हलल्या. "आणि सकाळी पेजेबरोबर तिला ते हलकं व्हायचं."

ओसरीच्या खांबाला टेकून ऐकणारी शेवंती तोंडाला पदर लावून हसली. ओल्या डोळ्यांनी गुणाजीही हसला.

"आणखी एक ऐक," म्हातारा गंभीर झाला. "घरात दिवसभर तिला सगळे हाका मारायचे. त्या एका वेळी कोणी मारत नसे. तेवढा वेळ तिचा होता. त्या वेळेत ती कोणाची आई नव्हती की बायको नव्हती. तू तिला हुमण दिलंस, चांगलं दिलंस. पण समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलास. तुझ्यासाठी तिने तीन घास खाल्ले, तुझं मन राखायला. स्वतःसाठी खायला तिला मोकळीक हवी होती. तुझ्या हातात चूक नव्हती, म्हणून ती तुला सापडली नाही."

 तिघेही ऐकत बसले. आत आता मातीवर बोटे घासल्याचा आवाज येत होता. कोणीतरी कुंडल्याचा तळ खरवडत होते आणि त्यात मुळीच घाई नव्हती.

ऊन ओसरीवर चढले. मग आवाज थांबला. बऱ्याच वेळाने दाराची कडी हलली. म्हातारा बाजूला सरकला. दार आतून उघडले आणि आई चौकटीला धरून उभी राहिली. आपल्या पायांवर. दारापर्यंत ती एकटी चालत आली होती. हनुवटीवर विटकरी डाग होता.

गुणाजी धावत जाणार होता. पण थांबला. जागेवरूनच म्हणाला, "आये, थोडं उरलंय का? मला चव बघायचीय."

"नाही," आई म्हणाली. "संपलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मुलाला कोणतीही सबब न सांगता नाही म्हटले होते. गुणाजीला ते ऐकून जेवल्यासारखे वाटले.

"उद्यासाठी आज जरा जास्त कर," ती पुढे म्हणाली. "आणि घरात बसून माझ्या तोंडाकडे काय बघतोस? बाजारात जा. बांगडे संपतील."

गुणाजीने पिशवी उचलली आणि निघाला.

आपल्या माणसाने आपल्यासाठी काय सोडले, ते आपण आठवत बसतो. त्याने स्वतःसाठी काय राखले होते, तेही एकदा विचारून घ्यावे.